थंड पाकिटांची चाचणी

६ फेब्रुवारी

चि. खटपट्या,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. फोनवर या कामाचा एक शब्द काढायचा नाही, ई-मेल करायची नाही, जे काय सांगायचं ते कागदावर लिहून, पाकीट नीट चिकटवून पाठवायचं. बरं बाबा! एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली, कोणाच्या पोटातून काय निघालं हे कधी घरीसुद्धा बोलले नाही, आणि आता सख्खा धाकटा भाऊ मला तोंड बंद ठेवायला शिकवतोय. टायरच्या दुकानावर भाड्याच्या दोन खोल्या आणि त्यात तू आणि तुझा भागीदार, एवढा तुझा कारखाना. ऐकणाऱ्याला वाटेल रणगाडे बांधतोस.

असो. थंडीतल्या चाचण्या झाल्या. तू पाठवलेली चोवीस पाकिटं, निम्म्यांवर त्रिकोण, निम्म्यांवर गोल. कुठल्या खुणेत तुमची रक्त थांबवणारी पट्टी आणि कुठल्यात साधी, हे मला ठाऊक नाही, तुलाही नाही, फक्त अनुदान कार्यालयातल्या बाईंना ठाऊक. तुझ्या सूचनांच्या कागदात होतं तसंच सगळं केलं. पाकिटं चार तास बर्फाच्या कप्प्यात. रक्तपेढीतून आणलेलं मुदत संपलेलं रक्त गरम पाण्याच्या टबात ठेवून अंगाइतकं ऊन. मग पंपाने ते रबरी नळीतून सोडायचं, नळीला चीर द्यायची, चिरेवर पट्टी दाबायची आणि गळती थांबेपर्यंत घड्याळाकडे बघायचं.

गोलवाल्या पट्ट्या नुसत्या भिजून चिंब झाल्या. त्रिकोणवाल्या बाराच्या बारा तीन मिनिटांच्या आत! एक तर दोन मिनिटं वीस सेकंदांत. आता त्रिकोण कोणाचा हे सांगायला बाई कशाला हव्यात?

खरं सांगू, मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. सर्जन हात धुऊन येईपर्यंत जी माणसं टेबलावरच संपली, त्यातली तिघं मला चेहऱ्यानिशी आठवतात. तीन मिनिटं मिळाली असती तर तिघंही वाचली असती. तू लहानपणी घरातलं प्रत्येक घड्याळ उघडून बिघडवलंस, त्याचं सगळं आज भरून पावलं.

तक्ता सही करून सोबत जोडला आहे. वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

&nbsp;

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार.

तुझा तक्ता वाचला आणि मी खोलीत एकटाच नाचलो. खालच्या टायरवाल्याने काठीने छत ठोकलं तेव्हा थांबलो.

तुला कल्पना नाही तू काय हातात दिलंयस. आमच्यासारख्या छोट्या लोकांना संशोधनाला सरकार पैसा देतं खरं, पण टप्प्याटप्प्याने. पहिल्या टप्प्यात कल्पना चालते हे दाखवायचं. दुसरा टप्पा मिळतो तो वस्तू खरोखर वापरता येईल असं सिद्ध झालं तरच. आमची पट्टी हवी आहे ती आधी सैन्याला, बर्फातल्या ठाण्यांसाठी, आणि मग रुग्णवाहिकांना. थंडीत चालते की नाही, हा एकच प्रश्न अडून बसला होता. आता पाकिटं सैन्याच्या चाचणी केंद्रात जातील. तिथे पास झालो की पट्टी सहाशे जवानांच्या खिशात.

पण एक गोष्ट मन पोखरतेय, आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

मौनी. माझ्या भागीदाराला तूच ठेवलेलं नाव. नऊ वर्षं माझ्याबरोबर आहे, पट्टीला लावायचं औषध त्याच्याच डोक्यातून निघालं, हे मी कधी नाकारलं नाही. पण तुझा तक्ता त्याच्यापुढे ठेवला तर त्याने चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाला, "पुन्हा करू." म्हटलं, का? तर म्हणे, "बरं वाटत नाही." बाराच्या बारा पास झाल्यावर कोणाला बरं वाटत नाही? पुन्हा करायला वेळ कुठे होता! अर्जाची मुदत डोक्यावर. तीन दिवस त्याने सही लांबवली आणि शेवटी केली ती अशी, की पेन कागदाला टेकलं की नाही कळेना.

दुसरं. गेले कित्येक बुधवार तो दोन वाजता उठून जातो आणि सहाला येतो. कुठे, ते सांगत नाही. आला की हात लालभडक असतात आणि तो ते खिशात घालून बसतो.

तिसरं. मागे त्या मोठ्या कंपनीचा माणूस औषधाची कृती विकत मागायला आला होता, आठवतं? मी त्याला जिन्यावरूनच वाटेला लावला. मौनी तेव्हा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

तुझ्याकडे या कामाची चौकशी करायला कोणी आलं होतं का? खरं सांग.

तुझा

खटपट्या

&nbsp;

१८ फेब्रुवारी

चि. खटपट्या,

अनेक आशीर्वाद.

आला होता. तुझा मौनीच आला होता.

मागच्या पत्रात मी हे लिहिलं नाही, कारण मला इतका अपमान वाटला होता की आठवणही नको झाली. चाचण्या ऐन भरात होत्या. दुपारी बेल वाजली, दार उघडलं तर हा उभा. आत आला, खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. चहा दिला तो अर्धा प्यायला. आणि मग काय विचारावं त्याने? "सिस्टर, पाकीट बर्फातून काढल्यावर तुम्ही काय करता, ते दाखवाल?"

मला! सर्जनने तोंड उघडायच्या आत हातात हवं ते हत्यार ठेवणारी बाई मी. तीन सर्जन निवृत्त होताना माझ्या पाया पडून गेले, आणि हा मला पाकीट उघडायची परीक्षा घ्यायला आलाय. मी म्हटलं, कागदात लिहिलंय तेच करते, कागद तुमच्याच कचेरीतून आलाय, वाचा आणि निघा. माझ्या हातांकडे बघत राहिला. डोळ्याला डोळा काही देईना. मग "बरं" म्हणाला आणि गेला.

तेव्हा मला वाटलं, स्वभावच विचित्र असेल. पण तुझं पत्र वाचल्यावर सगळं एका ओळीत बसायला लागलं. तक्ता यायच्या आधीच याला चाचणीत खोट काढायची होती. का? पट्टी नापास झाली तर तू खचशील, कृती कवडीमोलाने सुटेल आणि घेणारा ती त्याच्यामार्फत घेईल. मी काही तुझ्यासारखी हुशार नाही, पण एवढं मलाही दिसतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

कृतीच्या वह्या कुलपात ठेव. किल्ली स्वतःच्या खिशात ठेव, टेबलाच्या खणात नको. मात्र हातात काही ठोस येईपर्यंत तोंड उघडू नकोस. नऊ वर्षांचा माणूस आहे.

ताई

&nbsp;

२४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार.

आलं हातात ठोस.

चाचणी केंद्राचा निकाल लागला. नापास. तुझ्याकडे तीन मिनिटांत थांबणारी पट्टी त्यांच्याकडे अकरा मिनिटं घेते. एक तर थांबलीच नाही. तिथल्या अधिकाऱ्याने मला विचारलं, "तुम्ही हे स्वतः कधी करून बघितलंय का?" ताई, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता ऐक. केंद्राला जाणारी पाकिटं भरली कोणी? मौनीने. एकट्याने. मी त्या आठवड्यात तापाने घरी पडून होतो. तुझ्याकडची पाकिटं मात्र मी स्वतः भरली होती, बाईंनी त्यांवर खुणा तेवढ्या घातल्या. एकच औषध, एकच कापड, एकच यंत्र, फक्त हात वेगळे. अदलाबदल झाली, दुसरं काय?

खालच्या टायरवाल्याला विश्वासात घेतलं. तो म्हणाला, "तुमचे ते न बोलणारे ना? दर बुधवारी कोपऱ्यावर एक पांढरी बंद गाडी येते, तीत बसून जातात." बंद गाडी, ताई!

मी त्याला समोर बसवलं. "बुधवारी कुठे जातोस?"

"कामाला."

"कोणाच्या?"

"आपल्याच."

"मग मला का माहीत नाही?"

यावर त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "आत्ता सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल." मला काय वाटेल हे ठरवणारा हा कोण? मी त्याच क्षणी कार्यालयाकडे लेखी तक्रार पाठवली. कुलूप बदललं. कार्यालयाने त्याचा पास काढून घेतला आहे. चौकशी संपेपर्यंत सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत त्याला पाय ठेवता येणार नाही. आरोप सिद्ध झाला तर कधीच नाही.

आता सगळं तुझ्यावर आहे. कार्यालयातल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, अदलाबदल झाल्याचं पटलं तर केंद्राचा निकाल रद्द होईल, तुझा तक्ता ग्राह्य धरतील आणि पट्ट्या थेट ठाण्यावर जातील. म्हणजे मौनी दोषी ठरला की पट्टी निर्दोष ठरते. त्या चोवीसबरोबर जादा म्हणून आलेली त्रिकोणवाली सहा पाकिटं तुझ्याकडे शिल्लक असतील. ती चाचणी एका साक्षीदारासमोर पुन्हा कर. साक्षीदार घरचा नको. त्याने कागद हातात धरून एकेक पायरी मोठ्याने वाचायची आणि तू ती करायची, अशी त्यांची पद्धत आहे. दोघांच्या सह्या हव्यात.

मौनीच्या बायकोचा दोनदा फोन आला. मी उचलला नाही.

तुझा

खटपट्या

&nbsp;

४ एप्रिल

चि. खटपट्या,

हे पत्र बसून वाच.

साक्षीला शेजारच्या मुख्याध्यापिकाबाईंना बोलावलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून फाटकाचा आवाज करणाऱ्या पेपरवाल्याला परत पाठवून नीट यायला लावतात. अशीच कडक साक्षीदार पाहिजे म्हटलं. सकाळी दहाला सुरुवात केली. त्या खुर्चीत ताठ बसल्या, कागद डोळ्यांपुढे धरला आणि वर्गात धडा वाचावा तशा वाचायला लागल्या. "रक्ताची पिशवी टबात ठेवावी." ठेवली. "तापमान पाहावे." पाहिलं. "पाकीट बर्फाच्या कप्प्यातून काढावे." काढलं. "पाकीट फाडून पट्टी तात्काळ लावावी."

आणि त्या थांबल्या. म्हणाल्या, "हे कागदात नाही."

मी म्हटलं, काय नाही?

"हे. तुम्ही आत्ता करताय ते."

मी काहीच करत नव्हते रे. एका हाताने नळी चिमट्यात धरली होती, चीर कुठे द्यायची ते बघत होते. त्यांनी बोट दाखवलं. पाकीट माझ्या काखेत होतं.

खटपट्या, मला माहीतच नव्हतं. तुझी शपथ, मला माहीत नव्हतं. थिएटरमध्ये पहिल्या महिन्यात मोठ्या सिस्टरने माझ्या हातावर चापट मारून शिकवलं होतं, उघड्या अंगाला थंडगार काही लावायचं नाही. सलाईनची बाटली असो, कापूस असो, पट्टी असो, आधी जरा अंगाशी धरायचं. तेव्हापासून हात आपोआप तिथे जातो. तोपर्यंत दुसऱ्या हाताची तयारी होते. मिनिट होतं, दोन होतात. तुझ्या तक्त्यात मी ते लिहिलं नाही, कारण मी ते करते हेच मला ठाऊक नव्हतं. श्वास घेतला असं कोणी लिहितं का?

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "आता कागदाप्रमाणे करा." केलं. बर्फातून काढलं, फाडलं, लावलं. घड्याळ लावून दोघी बसलो. तीन मिनिटं झाली. पाच झाली. टब लाल झाला. आठ झाली. त्या बिचाऱ्या उठून खिडकीपाशी गेल्या. दहा मिनिटं चाळीस सेकंद. दुसरं पाकीट साडेअकरा. तिसरं काखेत धरून लावलं, मुद्दाम. दोन मिनिटं पन्नास.

कोणी काही बदललेलं नाही. मौनीने नाही, कोणीच नाही. ती पट्टी थंडीत चालत नाही आणि चालते असं तुला मी सांगितलं. तो माणूस मला हेच विचारायला आला होता. पाकीट बर्फातून काढल्यावर तुम्ही काय करता? आणि मी त्याला दाराबाहेर काढलं.

दोघींच्या सह्यांचा कागद सोबत आहे. एक घटकाही न थांबता कार्यालयात दे. तक्रार मागे घे. त्याच्या घरी जा. मी हात जोडते.

ताई

&nbsp;

२२ एप्रिल

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. कामाची गडबड होती.

तुझं पत्र वाचलं. तू स्वतःला इतका त्रास करून घेऊ नकोस. वय झालं की सवयी हातात बसतात, त्यात तुझा दोष नाही.

मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. तो कागद आत्ता दिला तर काय होईल बघ. एक, माझी तक्रार खोटी ठरेल. दोन, सख्ख्या बहिणीकडून चुकीचा तक्ता आणला असं होईल, आणि चुकून आणला यावर कोण विश्वास ठेवेल? नऊ वर्षं एका दिवसात पाण्यात जातील. पुन्हा आम्हाला कोणी उभं करणार नाही.

आणि नाही दिला तर? चौकशीत मौनीविरुद्ध तसं काही सापडणार नाहीच. "सिद्ध होत नाही" म्हणून प्रकरण मिटेल. फार तर काही महिने त्याला घरी बसावं लागेल. हुशार माणूस आहे, कुठेतरी शिकवेल. तेवढ्या वेळात मी औषधात सुधारणा करतो, थंडीचा प्रश्न सोडवतो आणि ठाण्यावर जाईल ती सुधारलेलीच पट्टी जाईल. कोणाचंच नुकसान नाही. उलट सगळ्यांचं भलं आहे.

मुख्याध्यापिकाबाई कोणाशी बोलल्या आहेत का? त्यांना जरा समजावून ठेव. आणि ते पत्र, तुझ्याकडे त्याची प्रत असेल तर, फाडून टाक.

तुझा

खटपट्या

&nbsp;

२६ एप्रिल

खटपट्या,

तीन आठवडे मी टपालवाल्याची वाट बघितली. पहिले चार दिवस वाटलं, भाऊ धावपळीत असेल. मग वाटलं, आजारी असेल. बाराव्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की हा लपवतोय. त्या विचाराची मला लाज वाटली. आता तुझं पत्र हातात आहे आणि लाज कोणाची वाटावी हे कळेनासं झालंय.

तू म्हणतोस, प्रकरण आपोआप मिटेल. मग मला खरं सांग, मिटलं नाही तर? चौकशीवाल्यांना तुझं पटलं तर? तूच लिहिलं होतंस, तो दोषी ठरला की पट्टी निर्दोष. उद्या ती आहे तशी सहाशे खिशांत गेली आणि तुझी सुधारणा झालीच नाही तर? बर्फात पडलेला कोणी पोरगा पट्टी दाबून धरेल, आणि काखेत धरायला त्याच्याजवळ मी नसेन.

औषधात सुधारणा तू करणार? औषध कोणाच्या डोक्यातून निघालं होतं, तूच सांग.

मी नऊ वर्षं ऐकते आहे, ताई, मी माणसांना वाचवायची वस्तू बनवतोय. त्यावर मी फुलून जायचे. आज मला शंका येते की तुला वस्तू तेवढी हवी होती, माणसं नव्हे. हे खोटं असेल तर खोटं ठरव, मी नाक घासून माफी मागेन.

कागदाच्या तीन प्रती होत्या. एक तुला पाठवली. दुसरी आज सकाळी मी रजिस्टर टपालाने कार्यालयातल्या बाईंना पाठवली, सोबत सगळी हकीकत, मौनीला मी कसं हाकललं त्यासकट. तिसरी मौनीला. चूक माझी, तक्ता माझा, सही माझी, असं स्पष्ट लिहिलंय. तुझ्या या पत्राबद्दल त्यात एक अक्षर नाही. ते तू सांग, नाहीतर सांगू नकोस.

ताई

&nbsp;

९ मे

ताई,

कार्यालयात बोलावलं होतं. दुसरा टप्पा गेला. केंद्राचा निकाल कायम. माझी तक्रार रद्द करून मौनीचा पास परत दिला. बाईंनी मला विचारलं, "बहिणीचं पत्र तुम्हाला कधी मिळालं?" सात एप्रिल म्हणालो. मग त्यांनी नुसतं कॅलेंडरकडे बघितलं.

बाहेर येऊन मी तुला खूप शिव्या दिल्या, मनातल्या मनात. घरी येईपर्यंत दिल्या. आता संपल्या.

तू विचारलंस ते खोटं आहे असं मला अजून ठासून म्हणता येत नाहीये. म्हणता आलं की लिहीन.

खटपट्या

&nbsp;

३० मे

सिस्टर,

नमस्कार.

तुम्ही मला मौनी म्हणता हे मला पहिल्यापासून माहीत आहे. राग नाही. बोलायला मला जड जातं, लिहायला तेवढं नाही.

तुमचं पत्र मिळाल्याला महिना झाला. उत्तर द्यायला उशीर केला, कारण तुम्ही माझी माफी मागितली आहे आणि ती घ्यायचा मला अधिकार नाही. का, ते सांगतो.

मी तुमच्याकडे आलो त्या दिवशी तुम्ही दार उघडलंत, तेव्हा पाकीट तुमच्या काखेत होतं. मी ते बघितलं. तुम्हाला वाटलं मी हातांकडे बघतोय. मी वाट बघत होतो, की तुम्ही त्याबद्दल काहीतरी बोलाल. तुम्ही बोलला नाहीत. उलट चिडलात. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की बाई हे मुद्दाम करतात, भावाची पट्टी पास व्हावी म्हणून. आणि भावाला हे माहीत आहे. दोघं मिळून करतात.

बुधवारी मी बर्फाच्या कारखान्यात जायचो. त्यांची गाडी मला घेऊन जायची. तिथल्या थंड खोलीत मी पट्ट्या लावून बघत होतो, हात बधिर होईपर्यंत. औषध दुरुस्त व्हावं म्हणून तर होतंच, पण खरं सांगायचं तर तुमच्या दोघांविरुद्ध आकडे गोळा करत होतो. तुमच्या भावाने विचारलं तेव्हा "आपल्याच कामाला" म्हणालो. ते अर्धंच खरं होतं.

मी कार्यालयाला तक्रारही लिहिली होती. चार पानी. त्यात तुमचं नाव होतं, नाव म्हणजे "अर्जदाराची भगिनी, निवृत्त परिचारिका, हिने जाणूनबुजून" वगैरे. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं. तीनदा घेऊन निघालो. तिसऱ्यांदा पेटीपाशी पोचलो तर बायको मागून आली. म्हणाली, "त्या बाईंना नीट विचारलंत का तरी?" मी घरी परतलो. पण विचारायला तुमच्याकडे आलोच नाही. पुन्हा चिडाल म्हणून नव्हे. तुम्ही हो म्हणालात तर काय करायचं, हे ठरत नव्हतं म्हणून. त्याच आठवड्यात तुमच्या भावाची तक्रार गेली.

दीड महिना मी घरी होतो. मुलीच्या शाळेत पालक माझ्याशी बोलायचे थांबले. बायकोने भाजी आणायचा रस्ता बदलला. हे मी विसरणार नाही. परवा तुमचे भाऊ आले. दाराबाहेर उभे राहिले. तुमचं पत्र दाबून ठेवायचं ठरवलं होतं, हे त्यांनी स्वतः सांगितलं, मी न विचारता. रडले. मी आत या म्हणालो नाही. माफ केलं असंही म्हणालो नाही, कारण तसं झालेलं नाही. ते जिना उतरून गेले.

पण माझं पाकीट त्या पेटीत पडलं असतं, तर आज त्यांच्या जागी मी असतो, तुमच्या दारात. हे त्यांना सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. मी दार लावून घेतलं. तुम्ही त्यांना सांगाल का?

आपला,

भागीदार